आराम आहे म्हण

४ जानेवारी २०१०

ही डायरी यशूच्या बाबाले ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं देल्ली. यशूचे बाबा म्हणे, तू सातवी शिकली, तूच लिही, मले तं कोहमाऱ्याच्या ढाब्यात भट्टीसमोर हात भाजाचंच काम. मी म्हटलं, मी काय लिहू. आज लिहून राहिली, कारण कोणाशी बोलाले गेली तं रडू येते, आन् सासू म्हणते, रडून पोरगी बरी नाही होत.

यशूचे पाय दुखून राहिले काल सकाळपासून. मांडीतून पार घोट्यापर्यंत. तेल लावलं, शेकलं, कोमट पाणी पाजलं. गोधडीत मुटकुळी करून पडली, हात लावू देत नाही. चार वर्साचं लेकरू. तिले सिकलसेल आहे. दुर्गेश्वरीताईनं चित्र दाखवून समजावलं होतं, रक्तातले दाणे विळ्यावाणी वाकडे होते आन् बारीक नसांत अटकते. थंडीत जास्त. मले ते चित्र डोळ्यासमोरून जात नाही. पोरीच्या आंगात विळे फिरून राहिले असं वाटते.

६ जानेवारी

आज उठून बसली. लाखोरीची भाजी आन् भात खाल्ला थोडा.

दुर्गेश्वरीताई आली होती. ती प्रोजेक्टची नर्स आहे, गोरेगावची, दर हप्त्याले येते. नागपूरच्या डाक्टरचा प्रोजेक्ट, पैसा दिल्लीच्या कोण्या संस्थेचा. त्याच्यातून यशूले रोजची गोळी भेटते, जास्त दुखलं तं जीप येते, आन् ताई घरी येऊन इचारते, का अल्का, कसं आहे, काय जड जाऊन राहिलं तुले. पहिल्या पहिल्यानं मी भांबावली होती. मले कोणी कधी इचारलंच नव्हतं. प्रोजेक्ट आला त्याच्या आधी यशूले पाठीवर बांधून सडकेपर्यंत चालत जात होती मी, आन् बस येते का तिचा जीव आधी जाते तेच पाहात उभी राहे.

ताई म्हणे, याच महिन्यात पैसा देणाऱ्या संस्थेचे लोक गावात येणार. पैशानं काय फरक पडला, लेकराची काय प्रगती झाली, ते आयांच्याच तोंडून आयकणार. त्याच्यावर पुढचं ठरणार.

मी इचारलं, "पुढचं म्हंजे काय वो?"

"पुढं चालवाचं का नाही ते."

तिले पाणी द्याचंही इसरली मी.

८ जानेवारी

आंगणवाडीत मीटिंग झाली. सरपंच बिसनलालभाऊ, आशा वर्कर सुशिलाबाई, आन् आम्ही ज्याच्या ज्याच्या घरी सिकलचं लेकरू आहे त्या बाया. बाकी गाव तमाशा पाहाले.

बिसनलालभाऊ म्हणे, "स्वच्छता अभियानाची कमिटी आली ते याद आहे ना? सारं गाव चकाचक केलं होतं आपण. आन् हा केवळराम बुढा ऐन कमिटीसमोर लोटा घेऊन निघाला. गेला ना नंबर!"

सारे हासले. केवळराम बुढा तिथंच बसला होता. म्हणे, "मले कोणी टाइम सांगतला नव्हता जी कमिटीचा."

"यावेळी सांगून राहिलो. कोणी लोटा घेऊन निघाचं नाही. लेकरू कसं आहे? आराम आहे. गोळी कशी आहे? मस्त आहे. बस्स."

माही शेजारीण दुर्गा म्हणे, "पण भाऊ, माह्या पोराचं, खुशालचं, तं आताच ते..."

सुशिलाबाई मधात बोलली, "दुर्गे, मी आंगणवाडीत पाह्यलं ना. लेकराचं वजन कमी भरलं की साहेब म्हणते तुम्ही काम करत नाही. जास्त भरलं की शाब्बास. पैसा लावणाऱ्याले आपला पैसा कामी आला असं दिसलं पाह्यजे."

मले पटलं. शाळेतही तेच होतं. नापास झाली तिले पुढच्या वर्गात बसवत नाही. माह्या बाबानं तं सातवीत नापास झाल्यावर शाळाच बंद केली. जो बैल वढत नाही त्याले कोण ढेप चारते?

दुर्गेश्वरीताई मीटिंगले नव्हती. ती तं म्हणते जसं आहे तसं सांगा. पण ती नोकरीवाली आहे. तिच्या घरी सिकल नाही.

१२ जानेवारी

ताई आली. म्हणे, "या हप्त्यात दुखलं का यशूले?"

मी म्हटलं, "नाही जी. आराम आहे."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग लिहून घेतलं. पोटही दाबून पाह्यलं यशूचं, डाव्या बरगडीखाली, आन् मले परत दाखवलं कसं पाहाचं ते. रोज पाहत जाय म्हणे. पोट कडक लागलं तं फोन कर, जीप पाठवते, घरात बसून राहू नोको.

यशू रविवारी दिवसभर रडली होती. सासूनं ऐकलं मी काय बोलली ते. चुलीतले लाकडं सारत म्हणे, "बरं केलं. नाव कटलं तं मंग कोणाच्या दारी जाशील?"

१५ जानेवारी

संक्रांतीचे तिळगूळ खाऊन पोरं आंगणात खेळून राहिले. यशू उंबऱ्यावर बसून पाहात होती. मी म्हटलं जाय ना. म्हणे, "कमर दुखते माय."

मी आजूबाजूले पाह्यलं. कोणी नव्हतं.

मले भेव वाटून राहिलं. मोठे लोक बोलतील आराम आहे, पण लेकरू? लेकराले काय समजते? कमिटीसमोर कमर दुखते म्हटलं तं?

१७ जानेवारी

आज खेळ केला तिच्यासंगं. मी कमिटीची मॅडम झाली. सासूचा चष्मा लावला, खांद्याले पिशवी. "काय बेटा, कुठं दुखते?" तं म्हणे, "इथं." मी म्हटलं, "असं नाही. आराम आहे म्हण." "आराम आहे." "हासून." हासली. मी तिले शेंगदाण्याची चिक्की देल्ली. मंग तीच परत परत खेळ मांडे, "माय, मॅडम हो."

सायंकाळी खरंच दुखत होतं तिले, तोंड वाकडं झालं होतं. मी इचारलं तं म्हणे, "आराम आहे." आन् हात पुढं केला चिक्कीसाठी.

मी हासली. नंतर चूल फुंकताना कसंतरीच वाटलं. काऊन ते समजलं नाही.

२१ जानेवारी

आले आन् गेले. आता लिहाले बसली, बरं वाटून राहिलं.

संस्थेची नागपूरची मॅडम होती, संगं फोटोवाला साहेब. दुर्गेश्वरीताई होती. बिसनलालभाऊनं बायांकडून रांगोळी काढवली होती, शाळेचे पोरं टाळ्या वाजवाले उभे केले होते. मॅडमनं कपाळाले हात लावला, म्हणे, एवढं नको होतं हो. साधी आहे बाई. आमच्या घरी आली, बाजेवर बसली, काळा चहा पेली.

मले म्हणे, "या तीन वर्षांत तुमच्यासाठी सगळ्यात जास्त काय बदललं? तुमच्या शब्दांत सांगा. माझ्यासाठी चांगलं बोलू नका."

माह्या तोंडात आलं होतं की मॅडम, आता मी सडकेवर उभी राहत नाही. पण ते बोलली असती तं रडू आलं असतं. मी म्हटलं, "सारं मस्त आहे जी."

"अजून काय हवं होतं? काय कमी पडतं?"

गोरेगावले रक्त भेटत नाही, गोंदियाले जावं लागते, तोपर्यंत... ते सारं गिळलं मी. "काहीच नाही जी."

मॅडमनं यशूले उचललं. दोन्ही हातांनी कमरेलेच धरलं. तिथंच तं दुखत होतं सकाळपासून. यशूनं दातावर दात धरले आन् हासली. मॅडम म्हणे, "काय गं, दुखतं का कुठे?"

"आराम आहे मॅडम."

सारे हासले, किती गोड बोलते म्हणे. दुर्गेश्वरीताई नाही हासली.

२२ जानेवारी

यशूचे बाबा आले. ढाब्यावरून शेवभाजी आणली बांधून. मी सारं सांगतलं. ते म्हणे, "वाह रे माही वाघीण." यशूले म्हटलं का मले, ते नाही माहीत. दोघीही खुश झालो.

२८ जानेवारी

ताई आली. बसली नाही. आंगणात उभ्यानंच सांगतलं.

संस्थेनं ठरवलं, आपल्या गावातले लेकरं आता ठीक झाले, इथलं काम मार्चमध्ये पुरं करा. पुढचा पैसा दुसऱ्या तालुक्यात लावाचा, जिथं लेकरं त्रासात आहेत. जीप तिकडं. ताई तिकडं. गोळी सरकारी दवाखान्यातून घ्या, असली तं.

बिसनलालभाऊ पाराजवळ होते, धावत आले. "म्हंजे आपलं गाव पास झालं!"

ताई म्हणे, "पास झालं म्हणूनच बंद होऊन राहिलं, भाऊ."

भाऊचं तोंड उघडंच राहिलं. मी ओट्यावर बसली. हे कोणत्या देशाचं गणित आहे? चांगलं झालं म्हणून काढून घेते? आम्ही तं चांगलं सांगतलं की ठेवतील म्हणून.

मी म्हटलं, "ताई, आता सांगू का तिले दुखते म्हणून?"

ताई माह्याकडं अशी पाहाले लागली की मी मान खाली घातली. म्हणे, "खरंच दुखते का?"

सासूनं आतून आवाज देल्ला, भांडे पडले म्हणून. कोणते भांडे पडले नव्हते.

२ फेब्रुवारी, गोंदिया, दवाखाना

पेन नर्सबाईचा आहे. डायरी यशूच्या बाबानं पिशवीत टाकून आणली, काऊन आणली तेही त्याले माहीत नाही. म्हणे हाताले लागली.

शनिवारी सकाळपासून यशू मलूल होती. आंबील पेली नाही. ओठ पांढरे दिसून राहिले. मी इचारलं, पोट दुखते का. म्हणे, आराम आहे. कमर? आराम आहे. पाय? आराम आहे. मी म्हटलं थंडी लागली असन. धान कांडाले बसली. खरं इचारलं तं मले हात लावून पाहाचंच नव्हतं. हात लावला आन् काही लागलं तं जीप बोलवा लागते, जीप बोलवली तं लिहिते, आन् लिहिलं तं गाव खोटं पडते, मी खोटी पडते.

दुपारी ती उंबऱ्यावरून उठली आन् पडली. मी पोटाले हात लावला. डावी बाजू फुगून दगडावाणी. डोळे पांढरे.

ताईले फोन केला. ताई म्हणे, जीप सालेकस्याकडं आहे, कचारगडच्या जत्रेच्या गर्दीत अटकली, येतेच म्हणे पण वाट नोको पाहू, भेटेल त्या गाडीनं निघ. काळ्यापिवळ्या सवारीगाड्याही साऱ्या जत्रेले गेल्या होत्या. मी पोरीले घेऊन धावली पाराकडं. बिसनलालभाऊनं काही इचारलं नाही. मोटरसायकल काढली. यशूले आमच्या दोघाच्या मधात धरलं मी. पूर्ण रस्ता तो माणूस मागं न पाहता बोलत होता, "बोलत राहाय अल्का, तिले बोलत राहाय, झोपू देऊ नोको." मी म्हटलं, "यशू, दुखते का गं? दुखते म्हण. एकडाव दुखते म्हण." ती काहीच बोलली नाही.

गोरेगाववरून ॲम्ब्युलन्स. गोंदियाले आल्या आल्या रक्त लावलं. डाक्टर म्हणे, आंगातलं रक्त डाव्या बरगडीखालच्या पानथरीत जमा झालं. अजून थोडा उशीर केला असता तं...

४ फेब्रुवारी

दुसरी पिशवी लागली. ओठाले रंग आला जरासा. कमर आन् पाय दुखणं चालूच आहे, सलाईनमधून औषध देते. मी बाजेखाली झोपली. यशूचे बाबा दारात बसून राहते, आत येत नाही. बाया जास्त आहेत म्हणे वार्डात. मले माहीत आहे, त्याले पाहावत नाही.

५ फेब्रुवारी

दुर्गेश्वरीताई आली. संत्रे आणले. यशूच्या डोक्यावरून हात फिरवला आन् मले म्हणे, "बाहेर ये."

पायऱ्यावर उभी राहून बोलली. मोठ्यानं नाही बोलली. मोठ्यानं बोलली असती तं बरं झालं असतं.

"अल्का, मी दर हप्त्याले काऊन इचारत होती तुले? टाइमपास होता का माहा?"

"नाही जी."

"तू आराम म्हणली, मी आराम लिहिलं. नागपूरचे डाक्टर ते पाहात होते. दुखणं कमी नाही झालं तं गोळी वाढवाची, तपासाले बोलवाचं. त्याह्यनं पाह्यलं आराम आहे, तं तेवढीच ठेवली. तुह्या बोलण्यावर तिची गोळी ठरत होती."

मले वाटलं होतं माह्या बोलण्यावर फक्त प्रोजेक्ट ठरते.

मी तिचे पाय धरले. तिनं मले उचललं, आन् मंग तीच रडली. म्हणे, "मलेही समजत होतं. मीच जोर नाही केला. मले वाटलं माह्या कामाचा रिपोर्ट चांगला जाऊन राहिला."

म्हणे मॅडमसंगं बोलली ती. मॅडम म्हणे, आयांनी स्वतः सांगावं, मी फोन करते. पण हे शेवटचं, हप्त्याभरात दिल्लीत सही होऊन जाते.

७ फेब्रुवारी

दुर्गा आली गावावरून भेटाले, खुशालले कडेवर घेऊन. त्याच्याही बोटाले सूज होती. मी म्हटलं, तूही बोल मॅडमसंगं.

"मी नाही बोलत. तेव्हा एक, आता एक. मॅडम म्हणन, या बाया लबाड आहेत. मंग दवाखान्याची गोळीही देणार नाही कोणी."

"आन् नाही बोलली तं?"

"तू बोल ना. तुहं काय जाते आता?"

मंग तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणे, "माय वं. माफ कर अल्का." तिचं खरं होतं. जे जाणार होतं ते सलाईनले टांगलं आहे, थेंब थेंब.

बिसनलालभाऊचा निरोप तिच्या हातानं आला होता. म्हणे, काय सांगाचं ते सांग, गावाची काळजी करू नोको. कमिटीले पाहून घेतो.

९ फेब्रुवारी

फोन आला. ताईचाच मोबाईल, ताईनं माह्या हातात देल्ला आन् खिडकीकडं जाऊन उभी राहिली.

मी सारं सांगून टाकलं. थंडीचं, कमरेचं, मीटिंगचं, गोरेगावले रक्त नाही ते. सडकेवर उभी राहत होती तेही सांगतलं. कसं बोलली माहीत नाही, हुंदके येऊन राहिले होते. मॅडमनं मधात तोडलं नाही.

मंग म्हणे, "अल्काताई, मला वाईट वाटतंय. पण एक सांगा. तेव्हा मी समोर बसून विचारलं, तुम्ही आराम म्हणालात. आता त्रास म्हणता. मी वर काय सांगू? यातलं खरं कोणतं, हे त्यांनी कशावरून मानायचं?"

दाखवाले माह्याजवळ काय होतं? पोरगी होती.

मी म्हटलं, "तिलेच इचारा मॅडम. ती जागी आहे." यशूच्या कानाले फोन लावला. सकाळपासून तिची कमर ठणकून राहिली होती, उताणी होता येत नव्हतं, नर्सबाईनं तिले आताच सुई देल्ली होती. मी म्हटलं, "यशू, मॅडम आहे. कसं आहे ते सांग."

मॅडमचं नाव आयकलं आन् पोरीनं मान उचलली. दातावर दात धरले. आन् हासून म्हणे, "आराम आहे मॅडम."

वार्डातल्या साऱ्या बाया पाहाले लागल्या. मी फोन ओढून घेतला.

मी म्हटलं, "मॅडम, हे मी शिकवलं तिले. चिक्की देऊन शिकवलं. तुम्ही आल्या होत्या तेव्हाही हेच. ती मलेही हेच सांगत होती, म्हणून मले समजलं नाही, म्हणून ती मराले लागली होती."

मंग म्हणे, "हे मी लिहू का? तुमच्या बोलण्यात, जसं आहे तसं?"

"लिहा."

"नाव बदलून लिहिते."

"नोको. नावानं लिहा. अल्का रत्नपाल, माय."

ती म्हणे, लिहिते. काही होईल असं वचन नाही देत. मी म्हटलं हो जी.

ताईनं मोबाईल घेतला. माहा हात दाबला आन् गोरेगावची बस पकडाले गेली. प्रोजेक्ट राहते का जाते, दिल्लीवाल्याले माहीत. मले आज माह्या पोरीचंही माहीत नाही.

मी यशूजवळ बसली. म्हटलं, "आता कोणी मॅडम नाही. मी आहे, माय. कुठं दुखते?"

ती दाराकडं पाहाले लागली. कोणी येऊन राहिलं का ते पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं, माह्या हाताकडं पाह्यलं, चिक्की आहे का. दोन्ही हात मोकळे करून दाखवले मी.

लय वेळानं तिनं माहं एक बोट धरलं आन् सरकवत सरकवत आपल्या कमरेवर नेऊन ठेवलं.